वाटेत अडलेलं आढं

देव आहे की नाही, हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात पडला नाही. मला पडला तो वेगळाच. देव असेलही, पण त्याचं आपल्याकडे लक्ष आहे का? आणि हा प्रश्न देवळात किंवा आजारपणात पडला असता तर शोभलं तरी असतं. मला तो पडला डोळखांबच्या वरच्या रानात, चैत्रातल्या भर दुपारी, एका सागाच्या लाकडाशेजारी फतकल मारून बसले असताना. खांद्याचं सालटं गेलं होतं, घशाला कोरड पडली होती आणि खाली रस्त्यावर जीपवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. त्या वेळी मी मनातल्या मनात महादेवाला जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकलं असेल तर मोठ्या मनाने सोडून दिलं असावं.

आमचं गाव टोकावड्याजवळचं. भातशेती करणारं, चार पिढ्या एकाच जागी रुजलेलं. गावात आम्हा बायकांचं सोमवारचं भजनी मंडळ आहे. ते माझंच आहे असं बाकीच्या बायका म्हणतात. त्यात थोडा टोमणा असतो, पण ते अगदीच खोटं नाही. टाळ कोणी घ्यायचे, अभंग कोणता, प्रसादाला काय, हे सगळं मी ठरवते आणि कोणी आडवं बोललं तर तिला आणखी दोन कामं लावते. तर या मंडळाने एका वर्षी, दोन हजार सालानंतरच्या कुठल्याशा उन्हाळ्यात, एक घर बांधलं. आमच्या गावात नाही, डोळखांबच्या वर डोंगरात असलेल्या एका वारली पाड्यावर. आजही त्या घराची आठवण निघाली की माझी मान ताठ होते. देवाच्या कामाचा अभिमान धरू नये म्हणतात. मी धरते.

घर होतं जानीबाईचं. जानी दर पावसाळ्यात भाताच्या आवणीला आणि नंतर कापणीला आमच्या शेतावर यायची. लावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात. तिच्याबरोबर तिचा मुलगाही यायचा, आधी पाठीवर बांधलेला, मग बांधावर खेळणारा, मग चिखलात उतरून आईच्या बरोबरीने रोपं लावणारा. इतक्या वर्षांत आमच्या घरातलं बरंवाईट तिला ठाऊक आणि तिच्या घरातलं मला. त्या वर्षी शिमग्याच्या पुढेमागे रानाला वणवा लागला आणि जानीचं घर त्यात गेलं. माणसं वाचली, पण घराचं काही म्हणता काही उरलं नाही. वैशाखात मुलाचं लग्न ठरलेलं. वारल्यांमध्ये लग्न नवऱ्या मुलाच्या घरी लागतं. लग्नाच्या आधी घरातल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्या चौकात देवी येऊन बसते आणि मगच लग्न लागतं. घर नाही म्हणजे भिंत नाही, भिंत नाही म्हणजे चौक नाही आणि चौकाशिवाय लग्न नाही. मुलीकडच्यांनी गोड शब्दांत निरोप धाडला होता की वैशाखापर्यंत घर उभं राहिलं तर आमची मुलगी तुमची, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल.

हे सगळं जानी माझ्या पडवीत बसून सांगत होती आणि एक टिपूस काढत नव्हती. तिला मागायलाही काही नको होतं. पाड्यावरची धडधाकट माणसं उन्हाळाभर वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, तेव्हा घर उभं करायला हात नाहीत, म्हणून लग्न मोडणार, एवढंच ती कळवायला आली होती. "सून आणाची व्हती गो वैनी, आता नाय येत," असं म्हणून ती उठली आणि मुकाट्याने चालू लागली. मला तो "आता नाय येत" काही केल्या गिळवेना. सोमवारी भजन संपल्यावर मी बायकांना सांगितलं की या वर्षी सप्ताहाचं जेवण रद्द, त्याऐवजी आपण जानीचं घर बांधायचं.

लगेच गलका झाला. माझी जाऊ म्हणाली, "आपण भजन म्हणायचं का गवंडीकाम करायचं?" मी म्हटलं, दोन्ही. एकीला वाटलं, ते लोक आपल्या हातचं घेतील का. दुसरीला वाटलं, आपण त्यांच्या हातचं पाणी प्यायलो तर घरचे काय म्हणतील. तिला मी विचारलं की तुझ्या घरच्या भाताची रोपं कोणाच्या हातची असतात? पुढे सगळ्यांत जास्त काम तिनेच केलं. जाऊबाई शेवटपर्यंत कुरकुरत राहिल्या, पण एकही दिवस चुकल्या नाहीत.

लाकडाचा प्रश्न मी घरातच सोडवला होता. आम्ही जुनं घर उतरवून स्लॅबचं बांधत होतो. जुन्या घराचं आढं, म्हणजे छपराच्या मधोमध असणारं ते लांबलचक मुख्य लाकूड, अस्सल सागाचं होतं. माझ्या सासऱ्यांच्याही आधीचं. मी ते जानीला देते म्हटल्यावर यजमानांचा चेहरा उतरला. "घराचं आढं कोणी देतं का? तो घराचा कणा असतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "घरच उतरवलंय, आता कणा काय उशाला घेऊन झोपणार?" ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मनातून मीही थोडी हलले होते. त्या आढ्याखाली मी माप ओलांडून आत आले, त्याच आढ्याखाली माझी बाळंतपणं झाली. पण दिलं म्हणजे दिलं.

कौलं आम्ही बायकांनीच डोक्यावरून नेली. रस्ता संपतो तिथपर्यंत जीप, पुढे ओढा ओलांडून डोंगराची चढण. वर पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी मेढी, म्हणजे घराचे खांब, रोवून ठेवल्या होत्या. बायकांनी भिंतींसाठी कारवीचे कूड बांधले होते. आता फक्त आढं चढायचं बाकी होतं. ते चढल्याशिवाय कौलं नाहीत आणि सावली नाही तोवर भिंती लिंपून उपयोग नाही, उन्हाने तडकून जातात. लग्न आठवड्यावर आलेलं. आढं उचलायचं काम आम्ही आमच्या पुरुषांवर सोपवलं होतं. सगळ्यांनी महादेवासमोर हो म्हटलं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी जीपवर आढं बांधलं, रघू ड्रायव्हर तयार झाला आणि पुरुषांचा पत्ता नाही. त्या दिवशी मैदानावर क्रिकेटच्या सामन्यांची फायनल होती. आमच्या भागात हे सामने म्हणजे सणासारखे. निम्मे पुरुष खेळत होते, निम्मे बघत होते आणि माझे यजमान पंच म्हणून पांढरी टोपी घालून मधोमध उभे होते. मी मैदानाच्या कडेला जाऊन हाक मारली. त्यांनी हाताने खूण केली की दुपारनंतर. दुपारनंतर रघूला दुसऱ्या गावचं वऱ्हाड आणायला जायचं होतं, म्हणजे जीप नाही. माझ्या रागाचा पारा चढला. मी मंडळातल्या बायकांना म्हटलं, बसा गाडीत. आढं आपण नेऊ.

आता सांगताना बरं वाटतं, पण तो निव्वळ हट्ट होता. रस्ता संपला तिथे रघूने आढं उतरवायला मदत केली. लाकूड पेलायला आमच्याकडे काही नव्हतं म्हणून त्याच्याच गाडीचा जाड दोर आम्ही मागून घेतला, लाकडाला जागोजागी वेढे दिले आणि वेढ्यांत काठ्या घालून खांद्यावर घेतलं. "आढं वर पोचलं की दोर लगेच परत धाडते," असं मी त्याला सांगितलं. तो पाणी मारून मडगार्ड धूत बसला. आम्ही "हर हर महादेव" म्हणून निघालो. ओढा ओलांडला. पहिली चढण चढलो. बायका धापा टाकत होत्या, पण हसतही होत्या. एवढ्यात वाट जिथे दोन कातळांमधून वळते, तिथे आढं अडकलं. पुढचं टोक एका कातळाला टेकलं, मागचं दुसऱ्याला. पुढे सरकेना, मागे येईना. उतरवून तिरकं करायला गेलो तर हातातून निसटून ते त्या खिंडीत असं पडलं की पुन्हा उचलायची कोणाच्यात ताकद उरली नाही. सगळी वाटच बंद.

आम्ही बसलो. पाणी संपलं. खाली रघूचा हॉर्न सुरू झाला, मग त्याच्या हाकाही ऐकू येऊ लागल्या. "काकू, माजा दोर द्या ना! टपावर सामान बांधायला लागतो, वऱ्हाड खोळंबलंय तिकडं!" दोर आढ्याच्या खाली दबलेला, तो सोडवणार कसा? कोणीतरी रडायला लागलं. जाऊबाई म्हणाल्या की देवाच्या मनात नसेल. तेव्हा मी ते बोलले, जे लिहिण्यासारखं नाही. पण शेवट सांगते. मी म्हटलं, महादेवा, मला जेवढं करता येत होतं तेवढं केलं. घर तुला हवं असेल तर आता तू बघ. मी काही उठत नाही. आणि खरंच, आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला काही न सांगता, काही न ठरवता, नुसती बसून राहिले.

थोड्या वेळाने वरच्या बाजूने पावलं वाजली. खूप माणसं घाईने उतरत होती. पुढे एक म्हातारा, डोक्याला फडकं बांधलेला, आणि मागे बांबूला बांधलेल्या घोंगडीची डोली. डोलीत एक बाई कण्हत होती. बाळंतपणाला अडली होती. डोंगरापलीकडच्या पाड्यावरून ते तिला सकाळपासून पाळीपाळीने खांद्यावरून आणत होते. लग्नसराईसाठी भट्टीवरून नुकतीच परतलेली तरणी माणसं होती. म्हाताऱ्याने आढं बघितलं, आम्हाला बघितलं आणि एवढंच म्हणाला, "बाय, वाट सोड गो."

मी देवाचं काम म्हणून जे आणलं होतं, तेच एका अडलेल्या बाईच्या वाटेत आडवं पडलं होतं. मी काही बोलायच्या आत त्या माणसांनी डोली हलकेच खाली टेकवली, आढ्याला हात घातला आणि एका दमात ते कातळावरून सोडवून बाजूला ठेवलं. म्हाताऱ्याने विचारलं, "यष्टी गावंल का खाली?" एसटी संध्याकाळशिवाय नव्हती. आणि नेमका तेव्हाच खाली हॉर्न वाजला. मी म्हटलं, "यष्टी कशाला? गाडी उभी हाय." जी गाडी केव्हाच निघून जायला हवी होती, ती आमच्याकडच्या दोरासाठी तिथे थांबलेली होती.

मी दोर घेऊन धावत खाली गेले. रघू तोंड भरून बोलायच्या तयारीत होता, पण डोली बघून त्याने मुकाट्याने मागची सीट साफ केली. वऱ्हाडाचं नावही काढलं नाही. बाईला घोंगडीसकट गाडीत ठेवलं, तिचा नवरा आणि सासू बरोबर बसली, मंडळातली एक जाणती बाईही मी पाठवली. जीप शहापूरकडे निघून गेली. मागे राहिला डोलीचा बांबू, त्याच्या दोऱ्या आणि ती रिकामी झालेली माणसं. आता ती परत डोंगर चढणार होती. म्हाताऱ्याने मला विचारलं की वाटेतलं ते लाकूड कुठे न्यायचं. मी जानीच्या पाड्याचं नाव सांगितलं. त्याने मान हलवली. ज्या बांबूवरून बाईला आणलं, तोच बांबू दोऱ्यांनी आढ्याला बांधला गेला आणि आमचं आढं त्यांच्या खांद्यावरून चढण चढू लागलं. आम्ही मागून चालत होतो. मग जाऊबाईंनी अभंग धरला. त्यांचा आवाज मुळात बेसूर आहे. त्या दिवशी मला तो गोड लागला.

पाड्यावर पोचल्यावर मी म्हाताऱ्यासमोर हात जोडले. म्हटलं, बाबा, तुमचे उपकार कसे फेडू? तो तंबाखू मळत होता. "फेडाचं कसलं? तुजी गाडी, आमचा खांदा. सावड झाली ना गो," तो म्हणाला. सावड म्हणजे आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्या. आमच्याकडेही पूर्वी होती, आता मजुरीने कामं होतात. मंडळातल्या बायका आजही म्हणतात की तो महादेवच होता. मी म्हणते, असेलही, पण महादेवाने माझ्याकडून चुन्याची डबी मागून घेतली आणि परत दिली नाही.

त्याच संध्याकाळी आढं चढलं, दुसऱ्या दिवशी कौलं बसली. मग आमच्या हातचं खरं काम सुरू झालं. कुडाच्या भिंती माती आणि शेणाने लिंपायच्या होत्या. वारली बायका आतून, आम्ही बाहेरून. मधल्या कारवीच्या फटींतून एकमेकींच्या बोटांना बोटं लागायची आणि हसू फुटायचं. त्यांच्या हातचं पाणी प्यायचं की नाही हा प्रश्न कधी विरघळला ते कोणाला कळलंही नाही. क्रिकेटवाले पुरुष तिसऱ्या दिवशी खाली मान घालून आले. त्यांना आम्ही पाणी भरायला लावलं. पंच साहेबांना दोन हंडे जास्त. आपल्या आढ्याकडे मान वर करून बघत ते म्हणाले, "तिथल्यापेक्षा इथे शोभतंय." माझ्या संसारातली ती मोठी शाबासकी होती.

लग्नाला आम्ही सगळ्या गेलो. लिंपलेल्या भिंतीवर पांढराशुभ्र चौक उमटला होता, इतका बारीक की बघतच राहावं. लग्न लावणारी धवलेरी, म्हणजे त्यांची बाई-पुरोहित, देवीची गाणी गात होती. जानी नव्या लुगड्यात इकडून तिकडे नाचत होती आणि सून, जिच्याबद्दल जानी "आता नाय येत" म्हणाली होती ती सून, हळदीने पिवळी होऊन दारात उभी होती. मी त्या भिंतीकडे बघितलं आणि मला फार अभिमान वाटला. देवी जिथे येऊन बसली होती, त्या भिंतीत आमच्या तळव्यांची माती होती. अडलेल्या बाईची बातमी मला आधीच मिळाली होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं दवाखान्यात म्हणाले, असं रघू सांगत होता. सांगताना त्याचे डोळे भरले होते.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. आषाढात आवणीच्या दिवशी मी बांधावर गेले तर जानी आलेली. तिचा मुलगा, नवी सून, पाड्यावरची माणसं आणि त्यांच्या मागे तो म्हातारा आणि डोली वाहणारे ते सगळे तरणे. इतकी माणसं मी मजुरीला बोलावलीच नव्हती. जानी म्हणाली, "मजुरी नको. सावड हाय." मी चटकन म्हटलं, "अगो, आमी ते देवासाठी केलं. त्याची फेड घेतली तर पुण्य काय राहिलं?" मला वाटलं होतं, हे ऐकून ती भारावेल. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तू देवासाठी केलंस ना? मग मी बी देवासाठी करतंय. देव काय तुज्या एकटीचाच हाय का?"

आजवर मी देत आले होते, आणि देणाऱ्याचा हात वर असतो याचं मला सुख होतं. तो हात खाली करून उघडा धरायचा, हे महादेवाने मला त्या बांधावर शिकवलं. त्या दुपारी कातळापाशी मी हात टेकले होते, ते नाइलाजाने. आता ते राजीखुशीने करायचं होतं, आणि ते फार जड गेलं. सवयीने मी लुगडं खोचून चिखलात उतरायला निघाले, तर जानीने मला बांधावर परत बसवलं. रांगेतून एक बाई आली. अंगाने अजून अशक्त, पण आवणीला उतरायचंच म्हणून आलेली. तिने ओळख दिली नाही, पण मी ओळखलं. कण्हणारा तो आवाज आता हसत होता. तिने पदराआडचं बाळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं, म्हणाली, "धर गो, तवर मी लावतंय," आणि शेतात उतरली.

संध्याकाळपर्यंत माझ्या सगळ्या खाचरांची आवणी झाली. मी एकही रोप लावलं नाही, कोणाला एक शब्द सांगितला नाही. मांडीवर ती पोर झोपली होती आणि तिची झोप मोडू नये म्हणून मी दिवसभर हललेही नाही.